भिंतीचा घाम जातो कुठे? कोकणातल्या जुन्या वास्तू जपण्यामागचं साधं शास्त्र

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामदेवतेचं देऊळ आहे. जांभ्याच्या जाड भिंती, सभामंडपाला फणसाचे खांब, वर कौलं. कधी बांधलं ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मागच्या भिंतीला ओल धरते म्हणून गावाने वर्गणी काढली आणि त्या एका भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. वर छान रंग दिला. पहिली दोन-तीन वर्षं भिंत नवरीसारखी दिसत होती.

गेल्या शिमग्याला गावी गेलो, तेव्हा त्या गिलाव्याचा ताटाएवढा पापुद्रा सुटून खाली पडला होता. उघड्या पडलेल्या जागेत बोट घातलं, तर चिरा, म्हणजे जांभ्याचा घडवलेला दगड, नाचणीच्या पिठासारखा भुरभुर हातात आला. दोन हातांवर शेजारची भिंत होती. तिला कुणी सिमेंट लावलं नव्हतं, कारण तिथवर पैसेच पुरले नव्हते. तिचा चिरा नखाने खरवडून पाहिला. नख झिजलं, चिरा हलला नाही.

गावातले एक म्हातारे गवंडी बाजूला उभे होते. त्यांनी वडिलांच्या हाताखाली चुन्याचं काम केलेलं. ते एवढंच म्हणाले, "सिमेट मारलंस, तर भितीचो घाम खंय जातलो रे?"

त्या एका प्रश्नात या विषयाचं बरंचसं शास्त्र आहे. ते नीट समजावून सांगावं म्हणून हा लेख. कारण कोकणातली जुनी देवळं, मशिदी, वाडे, विहिरी आज ज्या वेगाने जात आहेत, त्यात दुर्लक्षाचा वाटा आहेच, पण प्रेमाने केलेल्या चुकीच्या दुरुस्तीचाही तितकाच मोठा आहे. देवावरच्या भक्तीपोटी, पदरचे पैसे घालून, चांगल्या मनाने आपण त्या वास्तूंचा जीव घेतो. हे मला फार लागतं.

जांभा आणि चुना

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्यात समुद्राचा खारा वारा. अशा जागी दोन-तीनशे वर्षं भिंत उभी ठेवायची, तर पाणी आत येणारच नाही असं धरून चालता येत नाही. जुन्या माणसांनी ते धरलंही नाही. पाणी येणार, पण आलेलं पाणी परत बाहेर पडलं पाहिजे, असा त्यांचा हिशोब होता.

जांभा हा लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर असलेला, सच्छिद्र दगड. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो, आणि हवा लागली की घट्ट होत जातो. त्याच्या अंगभर बारीक भोकं असतात. पावसाळ्यात तो पाणी पितो, आणि पाऊस सरला की वारा-उन्हाने ते पाणी वाफ होऊन निघून जातं. गवंडी ज्याला भिंतीचा घाम म्हणत होते, तो हाच.

या चिऱ्यांना बांधून ठेवायला चुना वापरत. चुन्याची गोष्ट फार सुंदर आहे. चुनखडी किंवा समुद्राचे शिंपले भट्टीत भाजायचे. साधारण नऊशे अंश तापमानाला त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतलं की तो खदखदून फुगतो, वाफा सोडतो. याला चुना विरवणं म्हणतात. असा विरलेला चुना खड्ड्यात पाण्याखाली मुरवायचा, मग वाळू घालून घाणीत मळायचा. गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक आणि चाकाला जुंपलेला बैल, ही चुन्याची घाणी कित्येक किल्ल्यांवर अजून पाहायला मिळते. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर अशा गोष्टीही मिसळत, म्हणजे चुना चिकट राही आणि सावकाश सुके.

भिंतीत गेलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड होतो. भट्टीत जे गमावलं, ते भिंतीत परत मिळवतो. याला आठवडे, महिने, जाड भिंतीत तर वर्षंही लागतात. आधी मऊ, मग दगड, या गुणाचा पुरावा पाहायचा असेल तर सिंधुदुर्गावर जा. शिवरायांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून जो ठसा तिथे घुमटीखाली जपला आहे, तो ओल्या चुन्यातच उमटवलेला आहे. किल्ल्याचं काम १६६४ साली सुरू झालं आणि १६६७ मध्ये पुरं झालं. तेव्हापासून त्या बेटावर किती पावसाळे गेले असतील, मोजून पाहा.

चुन्याचे आणखी दोन गुण लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एक, तो थोडा लवचीक असतो. भिंत जराशी बसली, तर मोठी भेग पडण्याऐवजी बारीक रेषा उमटतात, आणि पावसाच्या पाण्याबरोबर विरघळलेला चुना त्या रेषांत पुन्हा बसून त्या काही प्रमाणात आपोआप बुजतात. दुसरा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो. चुना चिऱ्यापेक्षा कमजोर असतो, आणि तसाच तो हवा. झीज व्हायचीच आहे, तर ती चुन्याची होते. दहा-वीस वर्षांनी दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, पुन्हा भरायच्या, गिलावा पुन्हा करायचा. चिरा मात्र तोच राहतो.

आता या भिंतीवर सिमेंट चढवलं की काय होतं ते बघू. सिमेंट घट्ट, कडक आणि वाफेला जवळजवळ वाटच न देणारं. त्याला केसासारखी भेग पडते आणि त्या भेगेतून पावसाचं पाणी आत शिरतं. जमिनीतूनही ओल वर चढतच असते. आत आलेलं पाणी बाहेर जायला निघतं, तर समोर सिमेंटचं दार बंद. मग ते चिऱ्यातच अडकतं. त्या पाण्यात समुद्राचं मीठ असतं. पाणी थोडं सुकलं की मिठाचे स्फटिक होतात, आणि स्फटिक वाढताना चिऱ्याच्या बारीक भोकांना आतून ढकलतात. पुढच्या पावसात मीठ विरघळतं, उन्हाळ्यात परत स्फटिक होतं. अशी पंधरा वर्षं गेली की चिऱ्याचं पीठ होतं. बाहेरून मात्र रंगवलेला गिलावा ठणठणीत दिसतो, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. चुन्याच्या भिंतीवर हेच मीठ पांढऱ्या भुकटीसारखं वर येतं. ते दिसायला वाईट दिसतं, पण बाहेर पडलेलं असतं. ब्रशने झाडून टाकता येतं.

जमिनीचंही तसंच. देवळात शेणाची किंवा दगडी जमीन असायची, तिच्यातून ओल निघून जायची. आता ग्रॅनाइट आणि चकचकीत टाइल्स बसवतात, बाहेर अंगणभर पेव्हर ब्लॉक आणि कॉंक्रीट करतात. जमिनीखालची ओल मग जाणार कुठे? ती भिंतीतून वर चढते. "टाइल्स घातल्यापासून भिंती जास्त ओल्या व्हायला लागल्या" अशी तक्रार ज्या देवळात ऐकली, तिथे कारण हेच होतं.

आणि स्लॅब. उतरत्या कौलारू छपराला हातभर बाहेर आलेली पावळी असते, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. त्यात जोतंही उंच. पावसाळ्याआधी वाऱ्याच्या बाजूच्या भिंतींना माडाच्या झावळांची झापं बांधायची पद्धत तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली आहे. सपाट स्लॅब टाकला की ही सगळी व्यवस्था एका दिवसात संपते. शिवाय समुद्रकाठी स्लॅबमधल्या सळ्यांपर्यंत मीठ पोचतं, लोखंड गंजतं, आणि गंजलेलं लोखंड मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागतं. कॉंक्रीट आतून फुटतं. आपल्या किनाऱ्यावरच्या तीस-चाळीस वर्षांच्या शाळा आणि कचेऱ्यांच्या छताकडे मान वर करून पाहा. शंभर वर्षं टिकणारं म्हणून जे बांधलं, ते एका पिढीतच दुरुस्तीला येतं.

सिमेंट वाईट आहे असं मी म्हणत नाही. नव्या बांधकामात त्याची जागा आहे. १८२४ साली इंग्लंडात पोर्टलंड सिमेंटचं पेटंट निघालं, आपल्या गावांत ते सर्रास यायला आणखी शतकभर गेलं. त्याआधीच्या वास्तू त्याला डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्याच नाहीत, एवढंच माझं म्हणणं.

जीर्णोद्धार या शब्दाचं काय झालं

जीर्ण झालेल्याला वर काढायचं, सावरायचं, म्हणजे जीर्णोद्धार. आज पत्रिकेवर हा शब्द छापलेला दिसला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण नव्वद टक्के वेळा त्याचा अर्थ जेसीबी असा असतो. जुनं देऊळ भुईसपाट, त्या जागी आरसीसीचा कळस, संगमरवरी फरशी आणि वर्गणीदारांच्या नावांची पाटी. खांबांवरची कोरीव वेलबुट्टी कुठल्याशा व्यापाऱ्याच्या टेम्पोतून निघून जाते. आवारातले वीरगळ आणि सतीशिळा भरावात जातात, किंवा धुणं धुवायला. वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या माणसाची दगडात कोरलेली आठवण. ज्या गावाकडे लिहिलेला इतिहास नाही, त्याचा तो एकच कागद असतो.

शंभर वर्षांहून जुनं शिल्प म्हणजे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू. दगडी मूर्ती, लाकडी कोरीवकाम हे सगळं त्यात येतं, आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. "जुनं लाकूड आहे, दोन हजार देतो" असं म्हणत कुणी दारात आला, तर हे आठवावं.

कुणाच्या ताब्यात काय

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण यात गैरसमज फार आहेत.

जुन्या वास्तूंचे तीन गट पडतात. पहिला केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे असलेल्या. हा विभाग १८६१ पासून आहे, आणि सध्याचा कायदा १९५८ चा. देशभरात अशी साडेतीन हजारांहून अधिक स्मारकं आहेत. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, रायगड ही त्यातली. दुसरा गट राज्य पुरातत्त्व विभागाचा, १९६० च्या राज्य कायद्याखाली. खांदेरी किल्ला आणि रत्नागिरीचा थिबा राजवाडा त्यात येतात. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी १९१० साली बांधलेला तो राजवाडा बघायला जाल, तेव्हा त्याच्या उतरत्या छपराकडे नीट पाहा. ब्रह्मदेशी राजासाठी बांधला तरी पाऊस आपलाच होता.

तिसरा गट उरलेल्या सगळ्यांचा, आणि तोच सगळ्यात मोठा. आमचं देऊळ त्यात. तुमच्या गावची बावडी, पेशवाईतला वाडा, खाडीकाठची जुनी मशीद, दर्गा, वसाहतकाळातली वखार, पाणवठ्यावरचा घाट, हेही बहुधा त्यातच. मुंबईसारख्या शहरात १९९५ पासून वारसा वास्तूंची यादी आणि श्रेणी आहे. खेड्यात तसं काही नाही. या तिसऱ्या गटाला वाचवणारा एकच कायदा, तो म्हणजे गावाची समज.

केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीने, हा नियम अनेकांना जाचतो. मालवणात किंवा विजयदुर्गात ज्यांचं घर त्या पट्ट्यात आहे, त्यांची अडचण खरी आहे. पण तिथे घराची कौलंही बदलता येत नाहीत, असं जे पसरवलं जातं ते बरोबर नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या घरांच्या डागडुजीला परवानगी मिळते. ती मिळायला वेळ लागतो आणि खेपा पडतात, हे मीही जवळून पाहिलं आहे. ही प्रक्रिया तालुक्याच्या पातळीवर सोपी झाली पाहिजे. लोकांना वारसा म्हणजे कटकट वाटायला लागली, की ते तो मनातून टाकून देतात, आणि मग कुठलाही फलक त्याला वाचवू शकत नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग असे पाच आपल्या कोकणातले. ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. पण त्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या गावात एका जुन्या देवळाचा सभामंडप पाडला. पाडणाऱ्या मंडळींनी किल्ल्यांच्या अभिनंदनाचे संदेश गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले होते. त्यांना यात काही विसंगत वाटलं नाही, आणि चूक त्यांची एकट्यांची नाही. वारसा म्हणजे किल्ला, राजा, लढाई असंच आपल्याला शिकवलं गेलं. आपण ज्या ओट्यावर बसतो तोही वारसा आहे, हे कुणी सांगितलंच नाही.

मग करायचं काय

आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं. दहापैकी आठ वेळा ओलीचं मूळ साधं असतं: सरकलेलं कौल, तुंबलेली पन्हळ, जोत्यावर चढलेली माती, भिंतीला टेकून रचलेली लाकडं. पूर्वी दरवर्षी पावसाच्या तोंडावर शाकारणी व्हायची. कौलं उतरवून झाडायची, फुटकी बदलायची, वाळवी लागलेला वासा काढायचा. गावातली माणसं मुंबईला गेली, शाकारणी थांबली, आणि त्याच क्षणी देवळाची उतरण सुरू झाली. लाखो रुपयांच्या जीर्णोद्धाराआधी मी कुठल्याही गावाला एकच विनंती करीन, की सलग तीन वर्षं नुसती नेमाने शाकारणी करून बघा.

पिंपळाचं रोप भिंतीत दिसलं, तर बोटभर असतानाच मुळासकट काढावं. वरून फांदी छाटून भागत नाही, मूळ आत जाड होत राहतं. आणि मनगटाएवढं झालं असेल, तर स्वतः ओढू नका. मुळाबरोबर चिरेही येतात. तिथे जाणकार लागतो.

चढवलेलं सिमेंट काढायचं तर छिन्नी-हातोडीने, सावकाश. ब्रेकर मशिनच्या धक्क्याने खिळखिळा झालेला चिरा आणखी फुटतो. दरजा उकरून, भिंत ओली करून, एक भाग चुना आणि अडीच-तीन भाग वाळू अशा मसाल्याने पातळ थर देत जायचे. वाळू नदीची किंवा खाणीची, गोड्या पाण्याने धुतलेली. समुद्राची मुळीच नको, तिच्याबरोबर मीठ येतं. थर चढला की ओलं गोणपाट लावून उन्हापासून जपायचा, कारण चुना घाईने सुकला तर त्याची माती होते. म्हणून हे काम दिवाळीनंतर काढावं आणि होळीच्या आत उरकावं. वर ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट नको, चुन्याची सफेदी द्यावी.

"चुन्याचं काम महाग पडतं" असं ऐकायला मिळतं. मजुरी जास्त लागते, हे खरं. पण ती मजुरी गावातल्या हातांना मिळते, आणि दुरुस्तीत खर्च फक्त खराब झालेल्या भागाचा होतो. अख्खं पाडून नवं बांधण्याशी तुलना करून तरी बघा.

आणि काहीही करण्याआधी नोंद करावी. मोबाईल सगळ्यांच्या खिशात आहे. प्रत्येक खांब, प्रत्येक शिलालेख, आवारातला प्रत्येक दगड यांचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. म्हाताऱ्या माणसांना विचारून कुठल्या दगडाला काय म्हणतात, कुठल्या मानकऱ्याची जागा कुठे, ते लिहून ठेवा. शिमग्याला ढोल कुठे ठेवतात, पालखी कुठल्या दारातून निघते, या गोष्टी वास्तूच्या आकाराला चिकटलेल्या असतात. दार दोन हात सरकवलं की गावऱ्हाटीतली एक रीत मोडते. शाळेतल्या मुलांना हे काम दिलं तर ती भराभर करतात, आणि मोजलेल्या देवळावर पुढे जेसीबी आला, तर प्रश्न विचारायला तीच पुढे येतात.

आमच्या गावात मे महिन्यात सभा झाली. आरसीसीचा नकाशा तयार होता, मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाने पैसेही जमवायला घेतले होते. मी कायद्याचं, युनेस्कोचं काही बोललो नाही. दोन चिरे सोबत नेले होते, एक सिमेंटच्या भिंतीतला आणि एक उघड्या भिंतीतला. ते हातोहात फिरले. पहिल्याचा भुगा सतरंजीवर सांडत होता. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पुजाऱ्यांनी गवंडीबाबांना विचारलं, "चुना जमात काय तुमका?"

मागच्या भिंतीपुरतं काम या दिवाळीनंतर करायचं ठरलं आहे. बाकीचा निर्णय ती भिंत एक पावसाळा काढेल त्यानंतर. देवळामागे चुना मुरवायचा खड्डा खणून झाला आहे. गवंडीबाबांनी एकच अट घातली, की हात चालतात तोवर शिकवीन, पण गावातली दोन पोरं माझ्यासोबत उभी राहिली पाहिजेत. एक तयार झाला आहे. दुसऱ्याला शोधतो आहोत.